सूचौचे नवे शहर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

शांघायहून आगगाडीने साधारण अर्ध्या तासावर असलेल्या सूचौला जाणारा पाहुणा बहुधा दोन-तीन जुन्या बागा, कालव्याकाठची एखादी गल्ली आणि रेशमाचे दुकान पाहून संध्याकाळच्या गाडीने परततो. बागा पाहण्यासारख्या आहेत यात शंका नाही. त्यांतील नऊ बागा जागतिक वारशाच्या यादीत आहेत. परंतु इ.स.पू. ५१४ मध्ये वसलेले हे शहर आजही आपल्या जुन्या चौकटीत कसे टिकले, याचे उत्तर त्या बागांमध्ये सापडत नाही. ते उत्तर पूर्वेकडे, चिनची सरोवराच्या काठी उभ्या असलेल्या नव्या शहरात आहे. म्हणून सूचौसाठी निदान एक पूर्ण दिवस आणि एक रात्र राखून ठेवावी, आणि जुन्याकडून नव्याकडे याच क्रमाने शहर पाहावे, असा माझा आग्रह आहे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी देतो, कारण तिच्याविना नकाशा उलगडत नाही. १९८६ साली चीनच्या मध्यवर्ती सरकारने सूचौच्या विकास आराखड्याला मान्यता देताना जुन्या शहराचे रूप संपूर्णपणे जपावे आणि आधुनिक वस्ती त्याच्या बाहेर उभारावी, असे धोरण ठरवले. खंदकाने वेढलेल्या सुमारे १४ चौरस किलोमीटरच्या जुन्या भागात इमारतींच्या उंचीवर २४ मीटरची मर्यादा आली. त्यानंतर पश्चिमेला उच्च तंत्रज्ञानाची नवी वसाहत सुरू झाली आणि पूर्वेला, १९९४ साली सिंगापूर सरकारशी झालेल्या करारातून, सूचौ औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. सुरुवातीच्या वर्षांत या दोन्ही वसाहतींत गुंतवणूकदारांसाठी स्पर्धा झाली, सिंगापूरच्या बाजूला तोटा सोसावा लागला आणि २००१ मध्ये वसाहत उभारणाऱ्या कंपनीतील तिचा हिस्सा ६५ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आला. तरीही वसाहतीची मूळ आखणी कायम राहिली. ‘औद्योगिक वसाहत’ या शब्दांनी आपल्या डोळ्यांसमोर पत्र्याची शेड आणि धुराडी येतात. प्रत्यक्षात तेथे सरोवर, संगीतगृह, विद्यापीठे आणि लाखोंची घरे आहेत. मध्ये जुने गाव आणि दोन्ही अंगांना दोन नवे पंख, असे हे शहर आहे.

निघण्यापूर्वीची तयारी

भारतीय पासपोर्टवर चीनमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागतो. अनेक देशांच्या नागरिकांना मिळणारी २४० तासांची व्हिसामुक्त मुक्कामाची सवलत आपल्याला लागू नाही, हे ध्यानात ठेवावे. परदेशस्थ मित्रांच्या सल्ल्यावर विसंबून तिकिटे काढणारे येथेच फसतात. महाराष्ट्रातील रहिवाशांचे अर्ज मुंबईत स्वीकारले जातात. भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाल्यामुळे प्रवास पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे.

दुसरी तयारी पैशांची. सूचौत भाजीवालीपासून मेट्रोपर्यंत सर्वत्र मोबाइलवरूनच पैसे दिले जातात. त्यासाठी अलिपे आणि वीचॅट ही दोन्ही ॲप घरूनच उतरवून घ्यावीत, पासपोर्टचे छायाचित्र देऊन ओळख पटवावी आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचे कार्ड त्यांना जोडावे. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतील तर कार्ड जोडले जाऊनही ऐन वेळी नाकारले जाते. ती कळ आधी सुरू करावी. एका व्यवहाराची रक्कम २०० युआनच्या आत असल्यास ही ॲप परदेशी कार्डावर वेगळे शुल्क घेत नाहीत, त्याहून अधिक असल्यास ३ टक्के घेतात, म्हणून मोठे हॉटेलबिल शक्य असल्यास थेट कार्डाने द्यावे. दहा-वीस युआनच्या काही नोटाही जवळ असाव्यात. मोबाइलची बॅटरी संपली की पाकीट हरवल्यासारखी अवस्था होते. दुकानांच्या गल्ल्याजवळ भाड्याने मिळणाऱ्या पॉवर बँका असतात आणि अलिपेने चौकोन स्कॅन केला की त्यातील एक सुटून हातात येते.

तिसरी बाब इंटरनेटची. गूगलच्या सेवा आणि व्हॉट्सॲप चीनमधील स्थानिक जाळ्यावर चालत नाहीत. भारतातील क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतल्यास किंवा परदेशी ई-सिम वापरल्यास ती चालतात, परंतु हॉटेलच्या वायफायवर गेलात की पुन्हा बंद पडतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे संदेश न मिळाल्याने ती मंडळी काळजीत पडणार नाहीत. नकाशासाठी गाओद हे चिनी ॲप इंग्रजीतही वापरता येते. हॉटेलचे नाव आणि पत्ता चिनी लिपीत लिहिलेले छायाचित्र मात्र अवश्य जवळ ठेवावे.

हॉटेलात उतरल्यास परदेशी पाहुण्याची पोलिसांकडील नोंद हॉटेलच करते. मुलगा, मुलगी किंवा स्नेही नोकरीनिमित्त सूचौत राहत असतील आणि आपण त्यांच्या घरी उतरणार असाल, तर पोहोचल्यापासून २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस चौकीत स्वतः जाऊन नोंद करावी लागते. मुलांकडे काही महिने राहायला जाणारे आईवडील ही गोष्ट हमखास विसरतात.

उच्चारांविषयी एक सूचना, कारण मराठी माणसाला येथे एक सोय जन्मजात मिळालेली आहे. रोमन लिपीत चिनी नावे लिहिताना ब, द, ग यांची जी अक्षरे वापरली जातात, त्यांचा उच्चार साधारणपणे आपल्या प, त, क यांच्याजवळ जातो; आणि जेथे प, त, क यांची अक्षरे दिसतात तेथे श्वास सोडून, म्हणजे फ, थ, ख यांच्या जवळचा उच्चार करायचा असतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा भेद कष्टाने शिकावा लागतो, आपल्याला तो बाराखडीतच शिकवलेला असतो. म्हणून पाटीवर शहराच्या नावात ‘झ’ दिसला तरी ‘सूचौ’ म्हटल्यास समोरचा माणूस चटकन ओळखतो. स्वरांचे चढउतार चुकतात ते चुकू द्यावेत.

कोणत्या स्थानकावर उतरायचे

सूचौच्या नावाची पाच स्थानके आहेत आणि तिकीट काढताना सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. नुसते ‘सूचौ’ हे मुख्य स्थानक जुन्या शहराच्या उत्तरेच्या खंदकाला लागून आहे. पहिल्या भेटीसाठी तेच निवडावे. ‘सूचौ उत्तर’ हे पेइचिंग-शांघाय अतिवेगवान मार्गावरचे स्थानक शहरापासून बरेच दूर आहे आणि ‘सूचौ दक्षिण’ त्याहूनही दूर. ‘सूचौ युआनछू’ पूर्वेच्या वसाहतीत आणि ‘सूचौ शिनछू’ पश्चिमेच्या वसाहतीत येते, पण तेथे थांबणाऱ्या गाड्या कमी असतात. रेल्वेच्या १२३०६ या अधिकृत ॲपवर इंग्रजीत तिकीट काढता येते. कागदी तिकीट मिळत नाही, पासपोर्ट हेच तिकीट असते. स्वयंचलित फाटकाने तो वाचला नाही तर कडेच्या, कर्मचारी उभा असलेल्या फाटकाकडे जावे.

शांघायहून मेट्रोनेही सूचौला येता येते, कारण जून २०२३ मध्ये सूचौची ११ क्रमांकाची मार्गिका ह्वाछ्याओ येथे शांघायच्या ११ क्रमांकाच्या मार्गिकेला जोडली गेली. कौतुक म्हणून तो प्रवास ठीक आहे. वेळ मात्र कितीतरी अधिक लागतो.

सकाळ: संग्रहालयापासून सुरुवात

स्थानकावर सामान ठेवून मेट्रोची ४ क्रमांकाची मार्गिका धरावी आणि पहिल्याच पेइस्-था स्थानकावर उतरावे. अलिपेमधील वाहतुकीच्या विभागात सूचौ शहर निवडले की मेट्रोचे कोड मिळते. ते आत जाताना आणि बाहेर पडताना दाखवायचे असते, आणि भाडे २ युआनपासून सुरू होते. प्रत्येक स्थानकावर पिशव्या यंत्रातून तपासल्या जातात. पेइस्-थाहून पूर्वेकडे सुमारे पंधरा मिनिटे चालल्यावर सूचौ संग्रहालय येते. प्रवेश विनामूल्य आहे, सोमवारी ते बंद असते आणि आधी नोंदणी करावी लागते. दिवस भराभर भरत असल्याने तारीख ठरताच वीचॅटवरून पासपोर्ट क्रमांकासह वेळ घेऊन ठेवावी.

नव्या शहराच्या फेरीची सुरुवात संग्रहालयाने का करावी, असे कोणी विचारील. कारण ही इमारत २००६ ची आहे, आणि जुन्याच्या कुशीत नवे कसे बांधावे याचा सूचौने दिलेला सर्वांत विचारपूर्वक नमुना तीच आहे. वास्तुकार आय. एम. पेई यांचा जन्म १९१७ साली ग्वांगचौमध्ये झाला, पण घराणे सूचौचे. संग्रहालयापासून काही पावलांवर असलेली सिंहवन बाग एकेकाळी त्यांच्या घराण्याच्या मालकीची होती आणि बालपणीच्या सुट्ट्या त्यांनी तेथे घालवल्या होत्या. संग्रहालय उघडले तेव्हा ते ८९ वर्षांचे होते. जुन्या सूचौचे रंग दोनच, भिंतींचा पांढरा आणि कौलांचा राखाडी. पेईंनी तेच दोन रंग घेतले, पण कौलांच्या जागी गडद दगडाच्या फरश्या बसवल्या, ज्या पावसात भिजल्या की काळ्याभोर होतात. छताच्या काचेखाली लाकडासारख्या दिसणाऱ्या धातूच्या पट्ट्या आहेत आणि त्यांतून गाळून येणारे ऊन मार्गिकांच्या भिंतींवर रेघारेघांनी सरकत राहते.

मुख्य अंगणात तळ्यापलीकडे शेजारच्या प्रसिद्ध बागेची सामाईक भिंत आहे. पारंपरिक बागेत येथे छिद्राछिद्रांचे दगड रचून डोंगर केला असता. पेईंनी दगडांचे पातळ काप करून ते पांढऱ्या भिंतीपुढे ओळीने उभे केले, मागचे काप फिकट आणि पुढचे गडद, जणू शाईने काढलेली डोंगरांची रांग. दालनांतील वस्तू पाहायला दीड तास पुरेल, पण या भिंतीसमोर बसण्यासाठी आणखी अर्धा तास हातात ठेवावा. पाऊस पडत असेल तर ते भाग्यच समजावे.

तेथून फिंगच्यांग रस्त्याने कालव्याच्या कडेकडेने दक्षिणेकडे चालत जावे. हा रस्ता पर्यटकांनी गजबजलेला असतो. आडव्या गल्ल्यांत वळले की गर्दी मागे राहते आणि दोरीवर वाळणारे कपडे, दारापुढील कुंड्या आणि आपापसात बोलणारी वृद्ध माणसे दिसू लागतात. विजेवर चालणाऱ्या दुचाकींचा आवाज अजिबात येत नाही, त्यामुळे छायाचित्र काढण्यासाठी मागे सरकण्यापूर्वी वळून पाहण्याची सवय लावून घ्यावी. रस्त्याच्या दक्षिण टोकाशी श्यांगमन हे शहराचे पूर्वेचे द्वार आहे. आजची तटबंदी या शतकात पुन्हा बांधलेली आहे, हे जाणूनच तिच्याकडे पाहावे. तिच्या बाहेर खंदक, आणि खंदकापलीकडे उंचीची मर्यादा संपते.

दुपार ते रात्र: १ क्रमांकाच्या मार्गिकेने पूर्वेकडे

एप्रिल २०१२ मध्ये सुरू झालेली मेट्रोची १ क्रमांकाची मार्गिका जुन्या शहराच्या पोटातून पूर्व-पश्चिम जाते आणि दोन्ही नव्या पंखांना जोडते. श्यांगमनहून पूर्वेला चौथे स्थानक तोंगफांगचरमन, म्हणजे ‘पूर्वेचे द्वार’. नाव ऐकून जुन्या वेशीची कल्पना येते, पण वर येताच समोर ३०० मीटरहून उंच असा दोन पायांवर उभा असलेला बुरूज दिसतो. त्याला पारंपरिक दाराचा आकार द्यायचा होता. गावकऱ्यांनी मात्र त्याला थंडीत आत घालायच्या लांब विजारीचे नाव दिले आणि तेच रूढ झाले. सकाळी पाहिलेले अंगण आठवून या इमारतीकडे पाहिल्यास परंपरेचा आधार घेण्याच्या दोन अगदी भिन्न रीती एकाच दिवसात तुलनेला मिळतात. मला पहिली रीत अधिक पटते, परंतु दुसरीही पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

बुरुजाच्या पायथ्याशी २०१७ मध्ये उघडलेला सूचौ सेंटर हा विस्तीर्ण मॉल आहे. खरेदी करायची नसली तरी त्याचे पक्ष्याच्या पंखांसारखे लहरत गेलेले काचेचे छत आतून पाहावे, उन्हाळ्यात दुपारचे दोन तास तेथेच घालवावेत आणि सरोवराच्या बाजूने बाहेर पडावे.

आता महत्त्वाची गोष्ट. सूर्यास्त पाहण्यासाठी याच काठावर थांबू नये, कारण उंच इमारती पश्चिम तीरावर आहेत आणि येथून त्या पाठीशी येतात. मेट्रोने सरोवराच्या तळाखालून एकच स्थानक पुढे जावे आणि वनह्वापोलान या सांस्कृतिक केंद्राच्या स्थानकावर उतरावे. तेथील कला केंद्राची इमारत फ्रेंच वास्तुकार पॉल आंद्रू यांनी आखलेली आहे. काठावर आले की सुमारे सव्वासात चौरस किलोमीटरचे पाणी समोर असते आणि पलीकडे तो दोन पायांचा बुरूज, त्याहून उंच असा ४५० मीटरचा सूचौ आयएफएस मनोरा आणि त्यांच्यामागे बुडणारा सूर्य, असे सगळे एकाच नजरेत सामावते. दिवे लागल्यावर येथील चौकांत गाणी लावून ओळीने नाचणाऱ्या आज्यांचे घोळके जमतात; मागच्या ओळीत पाहुणा उभा राहिला तर कोणी नको म्हणत नाही.

पुढे शर्ताय क्वांगछांग स्थानकाजवळ काही शे मीटर लांबीचा पडदा दुकानांच्या रस्त्यावर छतासारखा पसरलेला आहे आणि रात्री त्यावर चित्रे सरकतात. दक्षिणेकडे १८९० साली एका मुलकी अधिकाऱ्याने बांधलेला लीकोंगती हा बांध आहे. त्याच्यावर आता खानावळींची रांग आहे, आणि नव्या शहरातील हा एक खरोखरच जुना धागा आहे. पायी सगळ्या सरोवराला वळसा घालण्याचा बेत मात्र पहिल्या दिवशी करू नये. अंतर फसवे आहे. अलिपेतून भाड्याची सायकल घ्यावी.

पाहुणे चुकवतात ती जागा

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून कोणत्याही एका ‘लिनली चोंगशिन’ला जावे. शब्दशः अर्थ शेजारकेंद्र. सिंगापूरकडून आलेली ही कल्पना अशी की दुकाने रस्त्याच्या कडेने विखरून न ठेवता वस्तीच्या मध्यावर एकाच इमारतीत मंडई, दवाखाना, टपाल, बँक, न्हावी, शिंपी, खानावळ आणि वाचनालय असावे. कोणत्याही प्रवासपुस्तकाचे लक्ष तेथे जात नाही, आणि नवे सूचौ कसे जगते हे मात्र तेथेच कळते. तळमजल्यावरील मंडईत फरशी नुकतीच धुतलेली असते, पाण्याच्या हौदांत मासे सळसळत असतात, एका गाळ्यावर सोयाबीनच्या पनीराचे आठ-दहा प्रकार मांडलेले असतात: मऊ, घट्ट, तळलेले, आणि कापडाच्या घडीसारखे दुमडलेले पातळ पापुद्रे. कमळाचे देठ, पाण्यातले शिंगाडे आणि हिरव्या भाज्यांच्या जुड्या वजनावर मिळतात. विक्रेती आकडा यंत्रावर टाकून दाखवते, आपण कोड स्कॅन करतो आणि व्यवहार पुरा होतो. शिंगाडे घ्यावेत, आपल्या ओळखीची ती चव तेथे भेटल्याचा आनंद वेगळाच असतो.

वेळ उरल्यास २ क्रमांकाच्या मार्गिकेवरील तूशू सरोवराच्या परिसरात शीआन च्याओथोंग-लिव्हरपूल विद्यापीठाची मध्यवर्ती इमारत बाहेरून पाहावी. बागांतल्या छिद्रांच्या दगडासारखी ती ठिकठिकाणी कोरलेली आहे. आवारात जाण्याविषयी फाटकावर विचारूनच पुढे जावे. पश्चिमेच्या वसाहतीत सूचौ संग्रहालयाची २०२१ मध्ये उघडलेली दुसरी शाखा आहे. लहान मुले बरोबर असल्यास चालकाविना धावणाऱ्या ५ क्रमांकाच्या मेट्रोच्या अगदी पुढच्या डब्यात त्यांना उभे करावे. समोरच्या काचेतून बोगदा दिसतो.

जेवण आणि ऋतू

शाकाहारी माणसाने ‘वो छ्र सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, एवढे वाक्य पाठ करावे आणि तेच चिनी लिपीत मोबाइलवरही ठेवावे. तरीही भाजी डुकराच्या चरबीत परतलेली किंवा नूडल मांसाच्या रश्श्यातले असू शकते, म्हणून रश्श्याविषयी वेगळे विचारावे. निःशंक जेवणासाठी बौद्ध मंदिरांची भोजनगृहे उत्तम. खंदकाबाहेर पश्चिमेला असलेल्या शीयुआन मंदिरातील मशरूमचे शाकाहारी नूडल शहरभर नावाजलेले आहे आणि स्वस्तही आहे. सरोवराकाठच्या मॉलमध्ये चित्रांची खाद्यपत्रिका असल्याने बोट दाखवून निभावते.

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हे दिवस सर्वांत चांगले. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात शहराचे फूल असलेले क्वेइह्वा बहरते आणि मॉलच्या वाहनतळापर्यंत त्याचा वास पोहोचतो. जून-जुलैत संततधार असते, त्यानंतर कडक आणि दमट उन्हाळा. १ ते ७ ऑक्टोबर या राष्ट्रीय सुट्टीच्या आठवड्यात मात्र जाऊ नये.

सरोवरावरील संगीत कारंज्यांचा खेळ बहुधा शुक्रवार-शनिवारच्या रात्री असतो. वारा किंवा पाऊस असल्यास तो रद्द होतो, म्हणून त्याच दिवशी हॉटेलात विचारून घ्यावे. खेळ संपताच हजारो माणसे एकदम मेट्रोकडे वळतात आणि जवळच्या स्थानकाची दारे काही वेळ अडवली जातात. अशा वेळी रांगेत उभे न राहता काठाने चालत पुढचे स्थानक गाठावे, आणि परतीची शेवटची गाडी कधी आहे हे फलाटावरील फलकावर दुपारीच पाहून ठेवावे.